अँबेसेडरचा डिस्ट्रिब्युटर बदलताना टायमिंग कसं लावायचं

डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग, आणि ती ठिणगी नेमक्या कुठल्या क्षणी पडते ते टायमिंग. जुना डिस्ट्रिब्युटर काढायला पाच मिनिटं लागतात. नवा बसवून गाडी पूर्वीसारखी चालवायला मात्र कधीकधी अख्खा रविवार जातो. असं झालं की बहुतेक वेळा कारण एकच निघतं: काढण्याआधी कुठेही खूण केलेली नसते. म्हणून या कामात पाना नंतर, आधी खडू.

हा लेख १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाच्या अँबेसेडरबद्दल आहे. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीनवरून पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथे बनू लागलेल्या या गाडीचं उत्पादन २०१४ साली थांबलं. अगदी सुरुवातीच्या गाड्यांना १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं. त्यानंतर आलेलं १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची बी सिरीज. एमजीए आणि एमजीबी या स्पोर्ट्स गाड्यांतही याच घराण्याचं इंजिन आहे, त्यामुळे इथली बरीचशी पद्धत त्यांनाही लागू पडते. नव्वदच्या दशकात आलेल्या इसुझुच्या १८०० सीसी इंजिनाची रचना वेगळी आहे, त्याला हा लेख वापरू नका. डिझेल अँबेसेडरला डिस्ट्रिब्युटरच नसतो.

आधी हे डोक्यात बसू द्या

क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा. त्याचे दोन फेरे होतात तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा एक फेरा होतो. म्हणजे डिस्ट्रिब्युटर १ अंश फिरवला की टायमिंग क्रँकच्या हिशेबाने २ अंश बदलतं. हाताला जाणवणारही नाही एवढ्या हालचालीने गाडीचा स्वभाव पालटतो, तो यामुळे.

एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली फिरणारा तुकडा, वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. इंजिन समोरून, म्हणजे बंपरपाशी उभं राहून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं. या चार गोष्टी कागदावर लिहून तो कागद बॉनेटच्या आत चिकटवा. काम करताना डोकं तापलं की याच चार गोष्टींत गोंधळ होतो.

ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी का पडावी लागते? पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटून त्याचा दाब तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून. ६०० आरपीएमला क्रँक एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ३.६ अंश फिरतो. ३००० आरपीएमला तेवढ्याच वेळात १८ अंश. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी, आणि ती पाडण्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा आहेत. बाजूची व्हॅक्यूमची डबी हलक्या ॲक्सिलरेटरवर, सपाट रस्त्याला, आणखी थोडी आघाडी देते. आपण हाताने लावतो ते फक्त सुरुवातीचं टायमिंग. पुढची चढण डिस्ट्रिब्युटर स्वतः चढतो, पण त्याची वजनं आणि डबी धड असतील तर.

खरंच बदलायचा आहे का?

गाडी मिसिंग करते म्हणून डिस्ट्रिब्युटरच बदलून टाकण्याचा सल्ला फार लवकर दिला जातो. आधी कॅप काढा, रोटर उपटा आणि वरचा शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवून पाहा. खटखट जाणवत असेल तर बुश गेला आहे. बुश गेला की शाफ्ट डगमगतो, सीबी पॉइंटची (उघडताना ठिणगी पाडणारा छोटा स्विच) फट दर सिलिंडरला वेगळी पडते आणि टायमिंग कितीही नेटकं लावलं तरी ते एका जागी राहत नाही. अशा वेळी बदलणं किंवा चांगल्या खरादवाल्याकडून नवा बुश बसवून घेणं योग्य.

शाफ्ट घट्ट असेल तर नवा पॉइंट, नवा कंडेन्सर, नवा रोटर आणि स्वच्छ कॅप एवढ्यावर बऱ्याच गाड्या सुधारतात. मूळ लुकास या ब्रिटिश कंपनीचा धड डिस्ट्रिब्युटर हा कुठल्याही निनावी नकलेपेक्षा बरा, असं माझं ठाम मत आहे. जुना काढलाच तर फेकू नका, पुन्हा दुरुस्त होण्यासारखी ही वस्तू आहे.

लागणारी हत्यारं

इंचातले पाने, कारण या इंजिनाचे बोल्ट इंची आहेत. ढिला मिलिमीटरचा पाना लावला तर बोल्टचं डोकं गोल होतं. याशिवाय फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), प्लग पाना, दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर, बारीक पॉलिश पेपर, १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, पांढरा रंग किंवा नेलपॉलिश, मोबाइलचा कॅमेरा. टायमिंग लाइट (एक नंबरच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) असेल तर उत्तम, नसेल तरी काम अडत नाही. टेस्ट लॅम्प घरी करायचा तर टेललॅम्पचा होल्डर, दोन वायरी आणि दोन क्लिपा पुरतात.

नवा डिस्ट्रिब्युटर टेबलावर तपासून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर इंजिनावर वाकून, कमर मोडत, तेच काम करतात.

जुना आणि नवा शेजारी ठेवा. हे अर्थात जुना काढल्यावरच जमेल, पण काढायची पद्धत वाचताना हे ध्यानात असू द्या. खालचा दांडा तेवढाच लांब आणि जाड आहे का? टोकाला जी जीभ असते ती मध्यावर नसून किंचित एका बाजूला असते. इंजिनात तिच्यासाठी जी खाच आहे तीही तशीच. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर एकाच प्रकारे बसतो, अर्धा फेरा चुकून बसत नाही. ही मूळ अभियंत्यांनी केलेली मोठी सोय आहे. नव्याची जीभ जुन्यासारखीच एका बाजूला आहे ना, आणि जीभ त्याच दिशेला धरली की दोघांचे रोटर एकाच दिशेला तोंड करतात ना, हे पाहा. दुसरं जुळत नसेल तरी चालेल, फक्त प्लग वायरींची जागा त्याप्रमाणे सरकवावी लागेल.

आता रोटर हाताने घड्याळाच्या उलट दिशेने पिळा आणि सोडा. तो स्प्रिंगच्या जोराने झटकन जागेवर यायला हवा. रेंगाळला तर वजनं अडकलेली आहेत. मग व्हॅक्यूमच्या नळीला स्वच्छ रबरी नळी लावून तोंडाने हवा ओढा आणि जिभेने तोंड बंद करा. आतली पॉइंटची प्लेट सरकायला हवी आणि ओढ टिकायला हवी. ओढ लगेच सुटली तर डबीचा पडदा फाटला आहे. नव्या वस्तूतही असं सापडतं.

पुढे पॉइंट. शाफ्टवरच्या चौकोनी कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेवर येईपर्यंत शाफ्ट फिरवा. त्या जागी फट सर्वांत जास्त असते, तीच मोजायची. लुकासच्या या प्रकारच्या डिस्ट्रिब्युटरला ती ०.३५ ते ०.४० मिमी ठेवतात. फीलर गेज हलका घासत जायला हवा, ढकलावा लागता कामा नये. स्क्रू आवळला की फट हमखास थोडी बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. डवेल, म्हणजे पॉइंट मिटलेला राहतो तेवढा कोन, मोजणारा मीटर असेल तर नंतर इंजिन चालू असताना ६० अंश, तीन अंश इकडे-तिकडे, मिळायला हवा.

फट आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नका. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे जातं. फट कमी केली की मागे येतं. डवेल १ अंशाने बदललं तर टायमिंगही क्रँकच्या हिशेबाने १ अंशाने बदलतं. टायमिंग लावून झाल्यावर पॉइंटला हात लावला तर सगळी मेहनत वाया गेली असं समजा.

दोन तुकड्यांचा जुन्या पद्धतीचा पॉइंट असेल तर इन्सुलेशनच्या वॉशरकडे नीट पाहा. कॉइलकडून आलेली वायर आणि कंडेन्सरची वायर, दोन्हींचे डोळे हलणाऱ्या पॉइंटच्या स्प्रिंगला चिकटलेले हवेत आणि खालच्या धातूच्या खुंटीपासून पूर्ण वेगळे हवेत. एक वॉशर खाली-वर झाला की करंट कायमचा अर्थला जातो आणि ठिणगी मुळीच पडत नाही. माझ्या गाडीत एकदा हेच झालं होतं. दीड तास मी कॉइलला दोष देत बसलो होतो. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो पेट्रोलच्या बोळ्याने पुसून घ्या. कॅमवर मटारच्या दाण्याच्याही निम्मं ग्रीस लावा आणि रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब सोडा. जास्त ग्रीस उडून पॉइंटवर बसतं आणि पॉइंट जळतो.

एक नंबर वर आणणे

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन थंड, किल्ली खिशात. चारही प्लग काढा. प्लग काढले की इंजिन हलकं फिरतं आणि बारीक सरकवता येतं. प्लग वायरी काढण्याआधी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवर १, २, ३, ४ लिहून एकेक वायरीला लावा.

फिरवायला सगळ्यात चांगलं साधन म्हणजे बंपरमधून जाणारं हँडल, तुमच्या गाडीला असेल तर. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलभोवती गुंडाळायचा नाही. आज प्लग काढलेले आहेत म्हणून धोका नाही, पण ही सवय मनगट वाचवते. हँडल नसेल तर चौथा गिअर टाकून, हँडब्रेक सोडून, दुसऱ्या माणसाला गाडी हळूहळू पुढे ढकलायला सांगा.

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट दाबून धरा. इंजिन फिरवताना हवा बोट ढकलू लागली की पिस्टन काँप्रेशनवर वर येतो आहे. आता पुलीकडे पाहा. पुलीच्या काठावर एक खाच आहे आणि टायमिंग कव्हरवर काटे आहेत. सर्वांत लांब काटा म्हणजे पिस्टन अगदी वर. उरलेले दोन म्हणजे त्याआधीचे ५ आणि १० अंश. इंजिन सरळ फिरवताना खाच आधी १०, मग ५ आणि शेवटी लांब काट्यापाशी येते. काटे तेलात आणि मळात बुजलेले असतात. केरोसीनने पुसा, खाचेत पांढरा रंग भरा आणि काट्यांच्या टोकांनाही लावा. हे पाच मिनिटांचं काम पुढचा एक तास वाचवतं.

बोटाने कळत नसेल तर रॉकर कव्हर काढा. चार नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी किंचित हलतात, एक मिटत असतो आणि दुसरा उघडू लागतो, त्या क्षणी एक नंबर काँप्रेशनच्या टोकावर असतो. हा पुरावा बोटापेक्षा पक्का आहे.

पुली कोणीतरी बदललेली असली तर खाचेवर विश्वास ठेवू नका. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून त्यात गोल टोकाचा बोल्ट घट्ट बसवा आणि तो एक नंबरला लावा. इंजिन हळूच फिरवा, पिस्टन बोल्टला टेकला की पुलीवर खूण करा. मग उलट फिरवून पुन्हा टेकेल तिथे दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधोमध पिस्टन वर असतो. फिरवताना जोर अजिबात लावायचा नाही. अंश मोजायचे तर पुलीचा व्यास ३.१४ ने गुणून ३६० ने भागा. व्यास समजा १३० मिमी असेल तर एक अंश म्हणजे काठावर साधारण १.१३ मिमी.

काढणे

कॅप काढा, वायरी न उपटता ती बाजूला ठेवा. रोटर कॅपच्या एक नंबरच्या टोकाकडे पाहतो आहे ना, बघा. चार नंबरकडे पाहत असेल तर इंजिन एक पूर्ण फेरा फिरवून घ्या. आता खुणा करा: रोटरचं टोक जिथे आहे तिथे डिस्ट्रिब्युटरच्या काठावर एक, डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत सरळ जाणारी दुसरी. वरून एक फोटो, बाजूने एक, व्हॅक्यूमची नळी कुठल्या कोनात आहे त्याचा एक.

बॅटरीची अर्थची वायर सोडा. जुन्या गाड्यांत कधीकधी धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, तेव्हा कुठली वायर बॉडीला जाते ती आधी पाहून मगच पाना लावा. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. उलट जोडलं तर ते तिथेच जळतं.

डिस्ट्रिब्युटर धरणारी एक चपटी प्लेट आहे. ती ब्लॉकला दोन बोल्टनी बसवलेली असते, आणि प्लेटच्या कानातला आडवा बोल्ट डिस्ट्रिब्युटरचा गळा आवळतो. तोच डिस्ट्रिब्युटर परत बसवायचा असेल तर फक्त ब्लॉकचे दोन बोल्ट काढायचे, आडव्याला हात लावायचा नाही, मग टायमिंग जसंच्या तसं राहतं. नवा बसवायचा आहे तेव्हा प्लेट ब्लॉकवरच राहू द्या आणि आडवा बोल्ट ढिला करून डिस्ट्रिब्युटर सरळ वर ओढा. अडकला असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून अर्धा तास थांबा, मग डावी-उजवीकडे पिळत काढा. हातोडी नको, प्लेट चिरते.

काढल्यानंतर भोकात कापडाचा बोळा ठेवा. तिथून पडलेला वॉशर थेट इंजिनच्या पोटात जातो.

आणि इंजिन आता अजिबात फिरवायचं नाही.

भोकात टॉर्च मारली तर खाली खाच असलेलं ड्राइव्ह गिअर दिसेल. ते काढू नका. काढायचं काही कारण नसतं. इंजिन उघडलं असताना ते चुकीच्या दातावर बसवलं गेलं असेल तरच त्याला हात लावायचा. तेव्हा ५/१६ इंची बारीक आट्याचा, साधारण साडेतीन इंच लांब बोल्ट त्याच्या डोक्यातल्या आट्यांत फिरवून ते वर खेचता येतं. परत बसवताना एक नंबर काँप्रेशनच्या टोकावर हवा आणि खाचेचा मोठा अर्धभाग वरच्या बाजूला. गिअरचे दात तिरके असल्याने ते खाली जाताना उलट्या दिशेने वळतं आणि खाच घड्याळातल्या एक-दोनच्या दरम्यान येऊन थांबते. तसं झालं नाही तर काढून एक दात सरकवायचा.

बसवणे

रबरी रिंग असेल तर नवी घाला, त्यावर थोडं इंजिन ऑइल लावा. रोटर जुन्या खुणेच्या दिशेला, व्हॅक्यूमची डबी फोटोतल्या कोनात, आणि डिस्ट्रिब्युटर सरळ खाली. शेवटचा सेंटिमीटर जात नसेल तर जीभ खाचेत बसलेली नाही. दाबू नका. रोटर दोन बोटांनी इकडे-तिकडे फिरवत हलका भार द्या, खट्‌ असा आवाज येऊन तो खाली बसतो. आडवा बोल्ट एवढाच आवळा की अंग हाताने फिरेल पण आपोआप सरकणार नाही.

रोटर ज्या टोकाकडे पाहतो ते टोक एक नंबर. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने ३, ४, २. इंजिनावर वायरी १-२-३-४ अशा ओळीत आहेत म्हणून कॅपवरही तशाच लावण्याची चूक फार जण करतात.

टेस्ट लॅम्पने टायमिंग

किती अंश? तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच खरा, कारण काँप्रेशन आणि डिस्ट्रिब्युटरच्या वजनांप्रमाणे तो बदलतो. अंदाज यावा म्हणून सांगतो: याच १४८९ सीसीच्या एमजीएला स्थिर टायमिंग (इंजिन बंद असताना लावायचं) ७ अंश दिलेलं आहे आणि थोरल्या १७९८ सीसीच्या एमजीबीला १०. पुस्तक हाताशी नसेल तर इंजिन सुरू करण्यापुरता ५ अंशाचा काटा धरा, तो सुरक्षित आहे. पक्कं टायमिंग रस्त्यावर ठरवू.

इंजिन सरळ दिशेने फिरवून खाच हव्या त्या अंशापाशी आणा. पुढे गेली तर तेवढीच मागे ओढू नका. पाव फेरा मागे जाऊन पुन्हा सरळ दिशेने या. टायमिंग चेन आणि गिअरमधला ढिलेपणा अशाने एकाच बाजूला राहतो.

बॅटरी जोडा. टेस्ट लॅम्पची एक क्लिप डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या बारीक वायरीच्या टोकाला, दुसरी ब्लॉकवरच्या स्वच्छ धातूला. किल्ली इग्निशनवर. पॉइंट मिटलेला असेल तर करंट त्यातून अर्थला जातो आणि बल्ब विझलेला राहतो. पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. ठिणगी पडते तीही पॉइंट उघडण्याच्याच क्षणी. म्हणजे बल्ब पेटण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण.

डिस्ट्रिब्युटरचं अंग आधी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, बल्ब विझेपर्यंत. आता रोटर बोटाने घड्याळाच्या दिशेने अगदी हलका दाबून धरा, म्हणजे जिभेतला ढिलेपणा निघतो. आणि अंग घड्याळाच्या दिशेने केसाएवढं, केसाएवढं सरकवत जा. बल्ब पेटला की थांबा. आडवा बोल्ट आवळा. फार जोराने नको, नाहीतर प्लेट वाकते आणि पुढच्या वेळी पकडत नाही.

लगेच समाधान मानू नका. इंजिन सरळ दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खाच काट्याजवळ येताना बल्बकडे पाहा. बरोबर काट्यावर पेटला तर जमलं. आधी पेटला तर टायमिंग पुढे आहे, नंतर पेटला तर मागे. मी हे तीनदा करतो. तिन्ही वेळा एकाच जागी पेटला तरच बोनेट मिटतो. दरवेळी जागा बदलली तर शाफ्ट किंवा चेन ढिली आहे.

इग्निशन गरजेपुरतंच चालू ठेवा. पॉइंट मिटलेला असताना कॉइलमधून सतत करंट जातो आणि ती तापते.

काही लुकास डिस्ट्रिब्युटरना बाजूला एक छोटं खाचांचं चाक असतं. ते बारीक फेरफारासाठी. त्याच्या नळीवरची एक रेघ म्हणजे साधारण ५ अंश. सुरुवातीला ते मधोमध ठेवा, म्हणजे नंतर दोन्ही बाजूंना जागा उरते.

सुरू केल्यावर

प्लग, वायरी, कॅप लावा आणि गाडी सुरू करा. पाच-सात मिनिटं गरम होऊ द्या. टायमिंग लाइट असेल तर एक नंबरच्या वायरीला लावा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि पुलीवर उजेड मारा. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी दूर ठेवा. या लुकलुकत्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा भासू शकतो, त्यामुळे हात तिकडे नेऊच नका.

चालू इंजिनावर आकडा स्थिर टायमिंगपेक्षा थोडा जास्त दिसतो, कारण वजनं हालचाल करू लागलेली असतात. एमजीबीला स्थिर १० अंश असेल तर ६०० आरपीएमला लाइटखाली १४ दिसतात. हा फरक चूक समजून टायमिंग मागे ओढू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवला की खाच एकसारखी पुढे सरकायला हवी आणि सोडल्यावर परत यायला हवी. ती सरकलीच नाही तर वजनं गंजली आहेत. धक्क्याधक्क्याने सरकली तर स्प्रिंग तुटली असेल. मग नळी परत जोडा.

रस्त्यावर

आकडा पुस्तकातला, पण इंजिन तुमचं. वाल्व्ह कितीदा घासले, हेड किती कापलं, आजच्या पेट्रोलचं ऑक्टेन काय, यांवर शेवटचे एक-दोन अंश ठरतात.

इंजिन पूर्ण तापलेलं असताना सौम्य चढावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. खिडकीची काच खाली, रेडिओ बंद. डब्यात चिल्लर हलवावी तसा टिकटिक आवाज क्षणभर येऊन विरला तर टायमिंग उत्तम. तो टिकून राहिला तर नॉकिंग आहे, अंग घड्याळाच्या उलट दिशेने थोडं फिरवून १ ते २ अंश मागे आणा. काहीच आवाज नाही आणि गाडी जडही वाटते, तर एक अंश पुढे करून पुन्हा तोच चढ. एका वेळी एकच अंश. कसारा किंवा खंबाटकी घाटाच्या मध्यावर नॉकिंग ऐकू येत असताना गाडी रेटू नका. पिस्टनला भोक पडण्याची सुरुवात तिथूनच होते. खालचा गिअर टाका आणि घरी येऊन टायमिंग मागे घ्या.

टायमिंग फार मागे असलं तर आवाज येत नाही, म्हणून ते जास्त फसवं. पिकअप मरतो, पेट्रोल वाढतं, सायलेन्सर लाल होईल इतका तापतो आणि रेडिएटरचा काटा चढू लागतो. रेडिएटर साफ करून करून दमलेल्या किती गाड्यांचं खरं दुखणं हेच असतं.

सुरूच झाली नाही तर

ठिणगी आहे का, हे आधी. मधली जाड वायर कॅपमधून काढून, इन्सुलेटेड पकडीने ब्लॉकपासून पाच-सहा मिमीवर धरा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. हाताने धरू नका, हजारो व्होल्ट असतात. निळी, टणक ठिणगी हवी. ठिणगीच नसेल तर पुन्हा त्या इन्सुलेशनच्या वॉशरकडे जा, मग कंडेन्सरकडे. पॉइंटमध्ये पिवळट चकाकी सतत दिसत असेल तर कंडेन्सर गेला आहे.

कॉइलची ठिणगी चांगली, पण प्लगला पोचत नाही? रोटर बदलून पाहा. हलक्या दर्जाच्या रोटरमधून करंट पितळी पट्टीच्या रिव्हेटमार्गे खाली शाफ्टला गळतो. दिसायला तो अगदी कोरा असतो.

कार्बोरेटरमधून फटाका, एकही स्ट्रोक नाही: वायरी अर्धा फेरा चुकल्या आहेत. कॅपवरच्या चारही वायरी समोरासमोर बदला, १ च्या जागी ४ आणि ३ च्या जागी २. स्टार्टर मारताना इंजिन मागे धक्का देतं: टायमिंग फार पुढे आहे. दोनच सिलिंडर चालतात: दोन वायरी आपापसांत बदलल्या आहेत, बहुतेक ३ आणि २.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रात्रभर बाहेर उभी राहिलेली गाडी सकाळी उठत नसेल तर टायमिंगला हात लावण्याआधी कॅप आतून कोरड्या कापडाने पुसा. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर पुसून उपयोग नाही, ती चीर आहे, कॅप बदला.

काम झालं की फट, अंश, तारीख आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. ५०० किलोमीटरनंतर कॅप पुन्हा उघडा. नव्या पॉइंटची टाच कॅमवर घासून बसलेली असते, त्यामुळे फट थोडी कमी झालेली सापडेल आणि टायमिंगही तेवढंच मागे आलेलं असेल. फट परत ०.३५ ते ०.४० मिमीमध्ये आणा, टेस्ट लॅम्प लावा आणि बल्ब काट्यावर पेटतो का ते पुन्हा पाहा.